लस, दारू आणि दुखण्याच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लस घेताना बहुतेक जण सुई दुखेल का, ताप येईल का, हे सरळ विचारतात. दारूचा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी, दाराकडे वळता वळता, हळू आवाजात येतो. गोळीचा तर बरेचदा येतच नाही, कारण गोळी आधीच पोटात गेलेली असते. हे दोन्ही विषय एकत्र घ्यायला हवेत. दारूने लशीचं फारसं काही बिघडत नाही, गोळीनेही सहसा नाही, पण दारू आणि गोळी एकत्र आल्या की माणसाचं बिघडू शकतं.

लस घेतल्यावर दारू प्यायली तर लस वाया जाते का?

नाही. लशीतला घटक दंडाच्या स्नायूत किंवा कातडीखाली टोचला जातो. तिथल्या पेशी तो उचलतात, जवळच्या लसीकाग्रंथींकडे नेतात आणि पुढचे साधारण दोन आठवडे प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार करण्याचं काम चालतं. रक्तात काही तास फिरणारा एखादा पेग हे काम बंद पाडत नाही. बेताने पिणाऱ्यांमध्ये लस कमी लागू पडते, असा ठोस पुरावा नाही.

दारू आणि इंजेक्शन यांचा संबंध लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे तो वेगळ्याच औषधांमुळे. मेट्रोनिडाझोलसारख्या काही जंतुनाशक औषधांवर दारू घेऊ नका असं सांगितलं जातं, कारण मळमळ, उलट्या, चेहरा लाल होणं, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. हळूहळू तो नियम 'सुई टोचली की दारू बंद' असा सगळ्यालाच लागू झाला. लस हे जंतुनाशक औषध नव्हे.

मग ते '४२ दिवस पिऊ नका' कुठून आलं?

डिसेंबर २०२० मध्ये रशियात स्पुटनिक व्ही लस देणं सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या ग्राहक-आरोग्य खात्याच्या प्रमुख अॅना पोपोव्हा यांनी सांगितलं, की पहिल्या डोसच्या आधी दोन आठवडे आणि नंतर ४२ दिवस दारू टाळा. म्हणजे एकूण आठ आठवडे. देशभर कुरकुर सुरू झाली. लस तयार करणाऱ्या गामालेया संस्थेचे प्रमुख अलेक्झांडर गिन्झबर्ग यांनी लगेच वेगळा सल्ला दिला: प्रत्येक इंजेक्शनच्या आधी आणि नंतर तीन-तीन दिवस थांबा, एखाद्या ग्लास शॅम्पेनने काही होत नाही.

एकाच लशीबद्दल दोन जबाबदार माणसं एवढी वेगळी मुदत सांगतात, तेव्हा ती मुदत मोजमापातून आलेली नसून सावधगिरीतून आली आहे, हे ओळखावं. सावधगिरीत वाईट काही नाही. पण इतका लांबलचक नियम ऐकून लोक दारू सोडत नाहीत, लस पुढे ढकलतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

ठीक आहे, पण थांबायचं तर किती दिवस?

लस घेण्याच्या आदल्या रात्री जास्त पिऊ नका आणि लस घेतल्यावर एक-दोन दिवस नाहीच प्यायलात तर उत्तम. कारण साधं आहे. बहुतेक लशींनंतरचा ताप, कणकण, डोकेदुखी पहिल्या २४ तासांत सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत जाते. हँगओव्हरमध्येही डोकं दुखतं, मळमळतं, अंग मोडून येतं, तोंड कोरडं पडतं. दोन्ही एकाच सकाळी आले तर त्रास दुप्पट, आणि तो कशाचा हे तुम्हालाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यात दारूने लघवीवाटे पाणी जातं, ताप आला की घामावाटे जातं.

काल रात्री बरीच झाली. आज लशीची वेळ आहे. जाऊ की नको?

जा. भरपूर पाणी प्या, काहीतरी खा आणि जा. रिकाम्या पोटी, पाणी कमी पडलेल्या अवस्थेत सुई बघून भोवळ येण्याची शक्यता वाढते, म्हणून लस बसून किंवा आडवं होऊन घ्या आणि नंतरची १५ मिनिटं तिथेच बसा. हँगओव्हर हे लस नाकारण्याचं कारण नाही.

नशा उतरलेली नसेल तर मात्र वेळ बदलून घ्या. तुमची ॲलर्जी, चालू औषधं, आधी आलेली रिअ‍ॅक्शन यांची नीट उत्तरं देता आली पाहिजेत आणि तुमची संमतीही शुद्धीतली हवी.

रोज पिणाऱ्या माणसाचं काय?

इथे उत्तर बदलतं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांची प्रतिकारशक्ती मुळातच मंदावलेली असते. हिपॅटायटिस बी च्या लशीत हे स्पष्ट दिसलं आहे: अशा लोकांमध्ये, विशेषतः यकृत खराब झालेलं असेल तर, प्रतिपिंडं कमी तयार होतात. काही वेळा डॉक्टर जास्त ताकदीचा डोस देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून पातळी बघतात. लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त आली, की संरक्षण मिळालं असं धरतात. तपासणीच्या कागदावर हेच एकक मिलीलिटरमागे मिली-एककांत लिहिलेलं असतं, आकडा तोच.

पण यातून 'पितो म्हणून लस घेऊन उपयोग नाही' असा अर्थ काढू नये. उलट अशा माणसाला हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) या लशींची गरज इतरांपेक्षा जास्त असते. आधीच थकलेल्या यकृताला कावीळ झेपत नाही आणि जास्त पिणाऱ्यांना न्यूमोनियाही जड जातो.

आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्याने 'लस घ्यायची आहे' म्हणून एका दिवसात पूर्ण बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. सोडायची असेल तर जरूर सोडा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सुईआधी कापसाने स्पिरिट लावतात. तेही अल्कोहोलच ना?

हो, पण ते कातडीवरून उडून जातं. फक्त वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवरच सुई टोचली तर चरचरतं, आणि जिवंत जंतूंच्या लशीत ते मिसळू नये हेही बघावं लागतं.

ताप येणारच आहे, तर आधीच गोळी घेऊन ठेवली तर?

नको. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ही चूक शहाणी माणसंही करतात.

२००९ साली द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चेक प्रजासत्ताकातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४५९ बाळं होती. निम्म्यांना लशीनंतरच्या पहिल्या २४ तासांत, ताप असो वा नसो, ठरावीक अंतराने पॅरासिटामॉलचे तीन डोस दिले. उरलेल्यांना दिले नाहीत. पॅरासिटामॉल मिळालेल्यांपैकी ४२ टक्के बाळांना ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला, न मिळालेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. म्हणजे औषधाने काम केलं. पण रक्त तपासल्यावर दिसलं, की त्या बाळांमध्ये न्यूमोकोकल, हिब (लहान मुलांना मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू), घटसर्प, धनुर्वात अशा अनेक घटकांविरुद्धची प्रतिपिंडं कमी होती. बहुतेक बाळांची पातळी तरीही संरक्षण देण्याइतकी होती, हेही सांगायला हवं. नाहीतर या अभ्यासाचा हवाला देऊन उगीच घाबरवलं जातं.

असं का होत असावं? लस टोचल्यावर पहिल्या काही तासांत शरीर जो आरडाओरडा करतं, त्यातूनच पुढच्या पेशींना बोलावणं जातं. ताप आणि सूज ही त्या आरड्याओरड्याचीच बाजू. दुखण्याच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करून काम करतात आणि त्यांचा या बोलावण्यात सहभाग असतो. सुरुवातीलाच गोळी दिली तर हाक थोडी दबते, असा अंदाज आहे.

मग काही लशींसोबत बाळांना पॅरासिटामॉल आधीच का देतात?

कारण सगळ्या लशी सारख्या नसतात. मेनिंजायटिस बी ची लस इतर लशींबरोबर दिली की तान्ह्या बाळांना ताप हमखास येतो. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ही लस नेहमीच्या वेळापत्रकात आली, तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या महिन्याच्या डोससोबत पॅरासिटामॉलचे तीन डोस द्यायला सांगितलं गेलं. या लशीच्या बाबतीत तसं केल्याने प्रतिपिंडं कमी होत नाहीत, हे आधी तपासून पाहिलं होतं. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीच्या सुरुवातीच्या चाचणीतही काही प्रौढांना २४ तास दर सहा तासांनी १ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं होतं. त्रास कमी झाला, प्रतिपिंडांमध्ये फरक पडला नाही.

तेव्हा लस देणाऱ्याने स्वतःहून सांगितलं असेल तर गोळी किंवा सिरप आधी द्या. सांगितलं नसेल तर ताप येईपर्यंत थांबा. बाळाला तापात झटके येतील या भीतीने आधीच औषध देण्यातही अर्थ नाही, त्याने झटके टळतात असा पुरावा नाही.

ताप आल्यावर घेतलेल्या गोळीने लस कमी पडेल का?

नाही. बिनधास्त घ्या. अंग फणफणलेलं असताना 'लशीचं काम चालू आहे, सहन करा' म्हणत कुढत बसण्याची गरज नाही.

मला ताप आलाच नाही. लस लागू पडली नाही का?

पडली. त्रास किती झाला यावरून लशीचं मोजमाप होत नाही.

कोणती गोळी बरी?

बहुतेकांसाठी पॅरासिटामॉल. ते पोटाला झोंबत नाही, रक्त पातळ करत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सूज उतरवणारी औषधं आहेत. दंड फारच सुजून दुखत असेल तर निरोगी प्रौढाने एखादी घ्यायला हरकत नाही, मात्र जेवणानंतर. पोटात अल्सर, किडनीचा आजार, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. निमेसुलाइड यकृताला त्रासदायक ठरू शकतं, मुलांना तर देऊच नये. ॲस्पिरिनही मुलांना नको, त्यातून राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. कांजिण्यांच्या लशीनंतर तर सहा आठवडे मुलांना ॲस्पिरिनच्या जातीचं काहीही देऊ नये.

नुसता दंडच दुखत असेल तर आधी गार पाण्याची घडी ठेवा आणि हात हलता ठेवा. बऱ्याचदा गोळीची वेळच येत नाही. टोचलेली जागा चोळू मात्र नका.

पॅरासिटामॉल दिवसाला किती?

निरोगी प्रौढाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन कमी असेल, वय जास्त असेल किंवा यकृताचा आजार असेल तर याहून कमी.

ऐकायला सोपं वाटतं, पण हिशेब चुकतो तो असा. लशीनंतर ताप म्हणून ६५० ची गोळी चार वेळा घेतली: २६०० झाले. नाक गळत होतं म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा घेतली, त्या प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे: १५००. बेरीज ४१००. मर्यादा ओलांडली आणि माणूस मात्र म्हणतो, 'मी तर साधी तापाची गोळी घेतली.' सर्दीच्या, अंगदुखीच्या, पाठदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात नाव लिहिलेलं असतं, ते वाचा.

जास्त झाल्याची शंका आली तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही, यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. त्यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उतारा म्हणून औषध आहे आणि ते आठ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं.

गोळी घेतली आहे. आता एखादा पेग चालेल का?

आज नकोच. दारूचा मोठा भागही यकृतातच मोडला जातो आणि पॅरासिटामॉलही. पॅरासिटामॉलचा थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतो, त्याला ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य निष्प्रभ करतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात तो विषारी पदार्थ बनवणारं विकर (एन्झाइम) वाढलेलं असतं आणि ग्लुटाथायोनचा साठा आटलेला असतो. दोन्ही बाजूंनी तोटा. कधीतरी पिणाऱ्या निरोगी माणसाने योग्य मात्रेत गोळी घेतली आणि संध्याकाळी एक पेग घेतला, तर सहसा आभाळ कोसळत नाही. पण रोज तीन किंवा जास्त पेग घेणाऱ्याने पॅरासिटामॉलची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. अशा माणसाला बरेच डॉक्टर दिवसाला २ ग्रॅमच्या वर देत नाहीत.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकची भांडणं दारूशी वेगळ्या जागी होतात: जठरात. दोन्ही जठराच्या अस्तराला खरचटतात, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौचाला झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र गोळ्यांबरोबर दारू म्हणजे थेट धोका, श्वास मंदावतो. लशीच्या दुखण्यासाठी तसली गोळी लागतच नाही, पण आधीच्या दुखण्यासाठी चालू असेल तर लक्षात ठेवा.

बाळाला लशीनंतर ताप आला. सिरप किती मिली?

'किती मिली' हा अर्धाच प्रश्न आहे. मात्रा वजनावर ठरते: पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. सहा किलोच्या बाळाला म्हणजे ६० ते ९० मिलिग्रॅम.

आता बाटली बघा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असं लिहिलं असेल तर अडीच मिली म्हणजे ६० मिलिग्रॅम, बरोबर. ५ मिलीत २५० असेल तर तेच अडीच मिली १२५ मिलिग्रॅम होतात, दुपटीच्या आसपास. आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर अडीच मिली म्हणजे २५० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. मोठ्या भावाची बाटली, शेजारच्यांनी दिलेली बाटली, गेल्या वर्षीची बाटली यातून हाच घोळ होतो. चहाचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर डॉक्टरांशी बोलूनच औषध द्या.

गोवराच्या लशीचा ताप लगेच येत नाही, तो साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. तोवर आईबाबा लस विसरलेले असतात. डॉक्टरांना तारीख सांगा.

हृदयासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. लशीसाठी बंद करू?

मुळीच नाही. सुई टोचण्याआधी फक्त सांगा. बारीक सुई वापरतात आणि नंतर किमान दोन मिनिटं ती जागा न चोळता घट्ट दाबून धरतात. थोडं काळंनिळं झालं तर काळजी नसावी. संधिवातासाठी रोज चालू असलेली गोळीही मनाने बंद करू नका.

स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर?

ही दुखण्याची गोळी नव्हे, पण बरेच रुग्ण तिला 'सांधेदुखीची गोळी' म्हणतात, म्हणून इथे घेतलं. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (हे एक स्टिरॉइड) दोन आठवडे वा अधिक चालू असेल तर गोवर, कांजिण्या, पीतज्वर अशा जिवंत जंतूंच्या लशी टाळतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना फ्लूच्या लशीनंतर, आजार आटोक्यात असेल तर, दोन आठवडे ते थांबवायला सांगितलं जातं, कारण त्याने लस जास्त चांगली लागू पडते. हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मेथोट्रेक्सेटवर दारू किती, हाही प्रश्न त्यांनाच विचारा, कारण तेही यकृतावर ताण देतं.

गरोदर आहे. लशीनंतर काय घेऊ?

ताप असेल तर पॅरासिटामॉल, लागेल तेवढंच. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळतात, बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल तर दोन्ही चालतात.

कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं चालू आहेत आणि मध्ये प्यायलो. परत पहिल्यापासून?

नाही, पुढचा डोस ठरल्या तारखेला घ्या. या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती दारूची नाही, 'प्यायलोय, आता गेलो तर ओरडतील' म्हणून डोस चुकवणाऱ्यांची. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यापुढे एका संध्याकाळच्या पेगची किंमत शून्य. कोर्स संपेपर्यंत जास्त पिऊ नये हे ठीक, पण प्यायलात तरी जा. जखम धुताना मात्र दारू ओतून भागवू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा.

कोणतं दुखणं गोळीने दाबू नये?

लशीनंतर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी, ओठ किंवा घसा सुजणं, श्वास लागणं: हे अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी असू शकते, गोळी शोधत बसायची वेळ नाही. कोविडच्या एमआरएनए लशीनंतर काही दिवसांत छातीत दुखणं, धाप, धडधड असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज आहे का ते बघावं लागतं. अ‍ॅडेनोव्हायरसवर आधारलेल्या (उदा. ऑक्सफर्डच्या) कोविड लशीनंतर चार दिवस उलटूनही डोकेदुखी हटत नसेल, वाढत असेल, नजर धूसर होत असेल किंवा न लागता काळेनिळे डाग पडत असतील तर रक्ततपासणी लागते. तीन दिवसांनंतरही ताप आहे, किंवा टोचलेल्या जागेचा लालपणा कमी होण्याऐवजी पसरतो आहे, तर दाखवून घ्या. डॉक्टरांकडे जाताना लशीचं नाव, तारीख, किती गोळ्या कधी घेतल्या आणि किती प्यायलात, हे खरं सांगा.